न हरवलेली अंगठी

चष्म्याच्या दुकानाला दोन खोल्या असतात. पुढच्या खोलीत आरसे, दिवे आणि नवी फ्रेम घालून मान इकडेतिकडे वळवणारी गिऱ्हाइकं. मागच्या खोलीत चाकापाशी बसून काचा घासणारा एक माणूस. चष्मेवाल्यांचा उभा जन्म त्या मागच्या खोलीत गेला. दुकान त्यांच्या मालकीचं कधीच नव्हतं, पण गल्लीनं त्यांना चष्मेवाले म्हटलं ते म्हटलंच. पुढे मालक वारला, दुकान विकलं गेलं, तिथे मोबाइल विकायला लागले, चष्मेवाले घरी बसले, तरी नाव काही पाठ सोडीना.

मागच्या खोलीची सवय वाईट. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. चारचौघांत उभं राहून दोन वाक्यं बोलायची वेळ आली की चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. लेकीच्या शाळेत पालकांची सभा असली की बायकोला आत ढकलून हे बाहेर चपला सांभाळत उभे. "यांचं तोंड जेवण्यापुरतंच आहे," बायको म्हणायची.

एका विषयावर मात्र त्यांची गाडी सुटली की थांबायची नाही. विमानं. खरी नव्हेत, हौसेची. वस्तीबाहेरच्या मोकळ्या मैदानावर रविवारी सकाळी काही माणसं रिमोटवर चालणारी विमानं उडवायला जमत. चष्मेवाल्यांचं स्वतःचं विमान उडण्यापेक्षा पडण्यातच जास्त पटाईत होतं. पण वैमानिकाच्या जागेवर जे पारदर्शक टोपण असतं, ते करावं तर चष्मेवाल्यांनीच. बाजारातली टोपणं जाडीभरडी, आणि हव्या त्या मापाचं मिळेल तर शपथ. म्हणून मैदानावरचे लोक माप आणून देत, आणि चष्मेवाले घरी टोपण ओढत.

मागच्या गॅलरीत, कपडे धुवायच्या मशीनशेजारी, त्यांचा कारखाना होता. एक चपटी लाकडी पेटी, तिच्या वरच्या फळीला चाळणीसारखी भोकं, आणि कुशीत घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी खुपसलेली. भोकांच्या फळीवर मधोमध टोपणाच्या आकाराचा लाकडी साचा ठेवायचा, काच घासावी तसा घासून गुळगुळीत केलेला. प्लॅस्टिकची पातळ शीट दोन चौकटींत चिमट्यांनी आवळून विजेच्या शेगडीवर धरायची. शीट आधी लाटा मारते, मग ताणून सपाट होते, आणि मग सुखवस्तू माणसासारखं तिला हळूच पोट सुटतं. तेवढ्यात ती उचलून साच्यावर दाबायची आणि पायानं क्लीनरचं बटण. घुर्रर्र! पेटीतली हवा ओढली जाते आणि शीट साच्याला अशी बिलगते की साच्यावर चुकून राहिलेला केससुद्धा उमटावा. जरा कमी तापली तर कडेला सुरकुत्या, जरा जास्त तापली तर मोतीबिंदू झाल्यासारखी पांढुरकी. दुसऱ्यांना स्वच्छ दिसावं म्हणून आयुष्य घासलेल्या माणसाला तो पांढुरकेपणा बघवत नसे.

"घरात एवढं महागाचं मशीन आहे," बायको आल्यागेल्याला सांगायची, "पण फरशी मी झाडूनेच झाडते. मशीन विमानखात्यात नोकरीला लागलंय."

अडायचं ते शीटपाशी. दुकानदार सुटा तुकडा देत नसत, आणि भेंडोळ्यातला माल हटकून पांढरा पडे. मग एकदा घरी आलेल्या केकच्या खोक्याचं झाकण त्यांनी सहज तापवून पाहिलं, आणि टोपण असं निघालं की ते आहे की नाही हे बोट लावल्याशिवाय कळू नये! त्या दिवसापासून चष्मेवाल्यांची नजर बिघडली. रस्त्यानं चालताना डोळे बेकरीच्या मागच्या कचऱ्याकडे. एकदा बायकोनं त्यांना कोपऱ्यावरच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालताना पाहिलं, आणि ती ओळख न दाखवता पुढे निघून गेली. घरी आल्यावरही बराच वेळ तिनं ओळख दाखवली नाही.

तशात लेकीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला. होणारे व्याही फर्निचरच्या मोठ्या दुकानाचे मालक. देह मोठा, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. भेटले की पाठीवर अशी थाप मारत की चष्मेवाल्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर येई. त्यांच्या आईला ऐंशी वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांनी हॉल घेतला आणि दुपारचं जेवण ठेवलं. चष्मेवाल्यांनी कपाटातला कोट काढला. निघताना बायको त्यांची कॉलर सरळ करत म्हणाली, "एक सांगते. आज कुठल्या डब्यात डोकवायचं नाही."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर हात धरून ठेवला असता."

जेवण छान चाललं होतं. चष्मेवाल्यांना आजींच्या शेजारी बसवलं होतं. आजींना कमी ऐकू येत असल्यामुळे बोलायची जबाबदारी नव्हती, दोघंही सुखात होते. मग पेस्ट्री आल्या. टेबलागणिक एक मोठा ट्रे, आणि प्रत्येक ट्रेवर झाकण. हातभर लांब, आरशासारखं सपाट, ना डाग ना ओरखडा. वेटर ती झाकणं उचलत होता, एकावर एक रचत होता आणि मागच्या दारानं नेत होता. मैदानावरच्या डॉक्टरांच्या ग्लायडरचं लांबलचक टोपण कधीचं अडलं होतं, कारण एवढ्या लांबीचा नितळ तुकडाच मिळत नव्हता. चष्मेवाल्यांनी चमचा खाली ठेवला.

"हात धुऊन येतो," ते म्हणाले, आणि उठले.

मागच्या अंगणात भिंतीला लागून कचऱ्याचे मोठे डबे होते. झाकणांवर तोवर उरलंसुरलं अन्न येऊन पडलं होतं. चष्मेवाल्यांनी बाही वर सारली. चार झाकणं धड निघाली. रुमालानं पुसून त्यांनी ती कोटाच्या आत, पोटाशी सरकवली. पाचव्यासाठी डोकं डब्यात गेलं होतं तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो व्याही! हे काय चाललंय?"

खरं सांगितलं असतं तर दोन वाक्यांत भागलं असतं. फार तर हसले असते लोक. पण लेकीच्या सासऱ्यासमोर, कोपरापर्यंत खरकटं लागलेल्या हातानं उभं राहून, मी कचऱ्यातून झाकणं गोळा करतो हे सांगायचं? चष्मेवाल्यांच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"अंगठी. हातातली अंगठी पडली. सासऱ्यांनी दिलेली."

"अरे बापरे!" व्याह्यांनी जागच्या जागी कोट काढला. "आणि तुम्ही एकटेच शोधताय? आम्ही काय मेलो होतो का? अरे, कोण आहे तिकडे? मॅनेजरला बोलवा!"

"राहू द्या हो," चष्मेवाले म्हणाले. "एवढं काही नाही."

"एवढं काही नाही म्हणजे? सासऱ्यांची अंगठी ती!"

मग काय विचारता! डबे आडवे झाले. वेटर आले, आचारी आले, जावई पँट दुमडून खाली बसला. नव्या कोऱ्या शर्टातले व्याही भाताची ढेकळं बोटांनी फोडून बघू लागले. चष्मेवाल्यांनाही शोधावं लागलं. ते वाकले की कोटातली झाकणं करकर वाजायची.

"गुडघे वाजतात का हो तुमचे?" व्याह्यांनी काळजीनं विचारलं.

"वय," चष्मेवाले म्हणाले.

गलका ऐकून बायको आणि लेक मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "यांची अंगठी हरवली," कुणीतरी त्यांना सांगितलं. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं, मग आडव्या डब्याकडे, मग त्याच्या फुगलेल्या कोटाकडे. ती सगळं समजली. ती अंगठी कधीच मोडली होती. तिचे लेकीला कानातले केले होते, आणि लेक ते कानात घालून समोर उभी होती. लेकीचा हात आपोआप कानाकडे गेला. पण दोघींपैकी कुणीच तोंड उघडलं नाही. कसं उघडणार?

"डबे कुणी भरले?" मॅनेजरनं विचारलं.

झाडलोट करणारी मावशी पुढे आली. हडकुळी, पिकल्या केसांची, हातात ओलं फडकं. "मी भरले. अंगठी काही दिसली नाही मला."

"तुझी पिशवी आण."

"साहेब, मी..."

"आण म्हटलं ना."

"एकदा बघून घेऊ या," व्याही समजुतीनं म्हणाले. "म्हणजे मावशींवरही नंतर काही यायला नको."

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण आवाज फुटला नाही. मॅनेजरनं पिशवी फरशीवर उपडी केली. किल्ली पडली, कंगवा पडला, औषधाच्या गोळ्यांची पट्टी पडली, आणि कागदात गुंडाळलेल्या दोन पेस्ट्री पडल्या. कागद सुटून त्या फरशीवर चेपल्या गेल्या. अंगठी कुठून पडणार!

"आणि हे काय?" मॅनेजर म्हणाला.

"टाकायलाच निघालं होतं," मावशी म्हणाली. तिनं आजूबाजूच्या सगळ्या तोंडांकडे एकदा पाहिलं, मग ती खाली बसून एकेक वस्तू गोळा करू लागली. तिच्या मदतीला कुणी वाकलं नाही. चष्मेवाले वाकणार होते. पण वाकले असते तर झाकणं वाजली असती.

घरी येऊन दार लावल्यावर लेक म्हणाली, "बाबा, कुठली अंगठी?" आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन तिनं कानातले काढून ठेवले.

चार दिवसांनी बायको बाजारात गेल्यावर चष्मेवाले गॅलरीत गेले. करायला दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांनी झाकणं धुतली, पुसली, एक चौकटीत आवळलं, शेगडीवर धरलं. झाकणानं लाटा मारल्या, ताणलं, पोट सोडलं. साच्यावर दाबून त्यांनी पायानं बटण दाबलं. ग्लायडरचं टोपण निघालं, इतकं नितळ की उजेडात धरल्यावर फक्त कडा दिसत होती. जन्मात इतकं चांगलं टोपण त्यांच्या हातून निघालं नव्हतं. पण त्याच्याकडे बघता बघता त्यांना फरशीवर चेपलेल्या पेस्ट्री दिसायला लागल्या. त्यांनी ते टोपण वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं, कोट चढवला आणि हॉलवर गेले.

मॅनेजर हिशेब तपासत बसला होता. "या, या! सापडली का?"

आता, चष्मेवाल्यांनी स्वतःला बजावलं. आताच सांग. "सापडली," ते म्हणाले. "घरीच होती. विसरलो होतो."

"चला, सुटलात."

"त्या मावशी?"

"तिला नाही बोलावत आता. अंगठी नव्हती तिच्याकडे, मान्य. पण पेस्ट्री होत्याच ना?"

एका खोट्यावर दुसरं चढवून चष्मेवाले पायऱ्या उतरले. कान तापले होते. गेटवरच्या माणसाला विचारून त्यांनी मावशीचा पत्ता मिळवला. ती आता हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भांडी घासत होती. मागच्या दाराशी मोरीवर बसलेली होती. त्यांना बघताच हात तसेच फेसात ठेवून तिनं विचारलं, "सापडली का हो तुमची अंगठी?"

चष्मेवाले मोरीच्या कडेपाशी येऊन उभे राहिले.

"मी दुसऱ्या दिवशी पहाटे कचऱ्याच्या ढिगावर जाऊन आले," ती सांगू लागली. "गाडी रिकामी करतात ना तिथे. हॉलच्या काळ्या पिशव्या ओळखते मी. सगळ्या फोडून पाहिल्या. म्हटलं, सापडली तर नेऊन तोंडावर टाकीन त्यांच्या. एका बाटलीनं हात कापला, पण अंगठी काही मिळाली नाही." तिनं फेसातून हात काढला. तळव्यावर मळकी चिंधी बांधलेली होती.

चष्मेवाले खालीच बसले, ओल्या फरशीवर. "मावशी, अंगठी नव्हतीच," ते म्हणाले. आणि मग सगळं बाहेर पडलं. विमान, टोपण, झाकणं, कोट, सगळं.

मावशी ऐकत राहिली. तिला अर्धं कळलं नसावं, पण जे कळायचं ते कळलं. "म्हणजे नव्हतीच?"

"नव्हती."

"झाकणांसाठी?"

"हो."

"मागितली असतीत तर पिशवीत घालून दिली असती मी. कुणाला हवीत ती?" तिचा आवाज चढला. "तुमची लाज झाकायला माझी पिशवी उपडी केलीत होय? तुम्हाला लाज आहे, आम्हाला नाही? माझी नात आजारी होती घरी, तिला तोंडाला चव नव्हती, म्हणून घेतल्या होत्या दोन. आता सगळा हॉल मला चोर म्हणतो."

"मी माफी मागायला आलोय."

"इथे?" ती म्हणाली. "या मोरीवर? इथे कोण ऐकतंय? ज्यांच्यासमोर पिशवी ओतली त्यांच्यासमोर मागा." आणि तिनं पातेलं पुढे ओढलं.

संध्याकाळी चष्मेवाले व्याह्यांच्या दुकानात गेले. पॉलिशचा वास मारणाऱ्या सोफ्यांच्या मधोमध उभं राहून त्यांनी सांगितलं. व्याही आधी हसले. मग पुढचं ऐकून त्यांचं हसणं थांबलं. एवढा मोठा माणूस, पण नव्या खुर्चीत बसला तो लहान दिसू लागला.

"पिशवी बघू या असं मीच म्हणालो होतो," ते शेवटी म्हणाले. आवाज कधी नव्हे तो हळू.

"तुम्हाला काय माहीत!"

"ते खरं. पण तुमच्या कोटाला कुणी हात लावला नाही, व्याही. तो तर चांगला फुगलेला होता." मग ते उठले. "रविवारी सगळ्यांना हॉलवर बोलावतो. लग्नासाठी तो बघायचाच आहे परत. पण बोलायचं तुम्ही. मी नाही बोलणार तुमच्या वतीनं."

रविवारी सगळे आले. व्याह्यांच्या घरची माणसं, जावई, आजी, मॅनेजर, आचारी, वेटर. बायको आणि लेकही आल्या. लेक घरी त्यांच्याशी मोजकंच बोलत होती, पण हॉलमध्ये येऊन ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. मावशी सगळ्यांत शेवटी आली, धुतलेले कपडे घालून, आणि दारापाशीच थांबली.

चष्मेवाले पुढे झाले. शब्द जुळवून आणले होते ते सगळे उडाले. "त्या दिवशी माझी अंगठी हरवली नव्हती," ते खाली बघत पुटपुटले. "माझ्याकडे अंगठीच नाही. मी कचऱ्यातून झाकणं काढत होतो. पकडला गेलो म्हणून खोटं बोललो. या मावशींची पिशवी उपडी केली, तेव्हा मी गप्प बसलो."

लगेच आजींचा खणखणीत आवाज आला. "काय म्हणाला तो? काय काढत होता कचऱ्यातून?"

"झाकणं," चष्मेवाले म्हणाले.

"काय?"

"झाकणं!" त्यांना ओरडावं लागलं. "आजी, पेस्ट्रीच्या ट्रेवरची झाकणं!"

"कशाला?"

"विमानाला लावायला!"

एक वेटर फसकन हसला. पाठोपाठ दुसरा. चष्मेवाल्यांचा चेहरा कानशिलापर्यंत पेटला, पण ते जागचे हलले नाहीत. हसणं ओसरल्यावर ते दाराकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मावशी, चूक माझी होती. तुम्हाला हात जोडतो."

मावशीनं मान हलवली. हो म्हणून की ऐकलं म्हणून, ते चष्मेवाल्यांना कळलं नाही. मॅनेजरनं तिला परत कामावर यायला सांगितलं. "नको," ती म्हणाली. "तिकडे बरं आहे. तिथे मला कुणी अजून पाहिलेलं नाही खाली बसून वेचताना." आणि ती निघून गेली.

लग्न ठरल्या दिवशी झालं. व्याह्यांनी पूर्वीसारखीच थाप मारली, पण त्यांच्या नातेवाइकांत चष्मेवाल्यांचं नवं नाव पडलं ते पडलंच. झाकणवाले. पोरंटोरंही पाठीमागे म्हणत. चष्मेवाले ते ऐकत, आणि आपल्याला याहून वाईट म्हणायला हवं होतं असं मनाशी म्हणत. मैदानावर ते जात राहिले. डॉक्टरांचं टोपण मात्र त्यांनी भेंडोळ्यातली शीट आणूनच ओढलं, एका कडेला थोडं पांढुरकं, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "एवढंच जमतं" म्हणून सोडून दिलं.

लग्नानंतर काही महिन्यांनी बायकोचे डोळे तपासायला दोघं हॉस्पिटलात गेले. डोळ्यांत औषध घातल्यावर थांबायचं होतं, म्हणून कँटीनमध्ये बसले. चहा घेऊन आली ती मावशी. आता तिला मोरीवरून बाहेर चहा द्यायच्या कामावर आणलं होतं. तिनं दोघांना ओळखलं, कप ठेवले आणि वळली. चष्मेवाल्यांनी मान खाली घातली.

"थांबा जरा," बायको म्हणाली. औषधानं तिचे डोळे झरत होते, समोरचं धड दिसत नव्हतं. "यांनी माफी मागितली. मी मागितली नाही."

"तुम्ही कशाला?"

"मला पहिल्या क्षणी कळलं होतं अंगठी नाही ते. मी दारातच उभी होते. एक शब्द बोलले असते तर तुमची पिशवी उघडली नसती. लेकीचं लग्न मोडेल म्हणून गिळला."

चष्मेवाल्यांनी दचकून बायकोकडे पाहिलं. इतके दिवस ही लाज आपल्या एकट्याची आहे असं धरून ते चालले होते. शेजारच्या पलंगावर कुणी तेवढीच घेऊन झोपतं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

मावशीनं खांद्यावरचं फडकं काढून बायकोच्या हातात दिलं. "स्वच्छ आहे, आत्ताच घेतलंय," ती म्हणाली. "डोळे पुसा. चहा गार होतोय."